मॅचिंग सेंटरसमोरचे तीन दगड

तिबेटी वसाहतीतल्या वृद्धाश्रमाला नवं छप्पर हवं होतं. त्यासाठी निघालेली आमची पदयात्रा त्या दिवशी हैदराबादेत होती. सकाळी मेहदीपट्टणमहून निघून संध्याकाळी मलकपेठला पोचायचं होतं. बरोबरचे बहुतेक तिबेटी हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकणारे, त्यामुळे हिंदी चांगलं बोलणारे. त्यांतल्या सर्वांत वयस्कर गृहस्थांना सगळे 'पोपो-ला' म्हणत. पोपो म्हणजे आजोबा, 'ला' आदराचा. त्यांची पत्नी त्याच वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेली होती. उजवं पाऊल आपलं आणि डावं तिचं, असं त्यांनी तिला कबूल केलं होतं. एकही पाऊल गाळायचं नव्हतं.

सुलतान बाजारात त्यांच्या पायाचा फोड फुटला. डाव्या, म्हणजे पत्नीच्या. दवाखान्यात जायला ऑटो थांबवली. बसण्याआधी त्यांनी रस्त्याकडेला तीन दगड एकावर एक रचले. परत येऊन तिथूनच पुढे चालायचं, ही त्यांच्याकडची रीत. मला ती माहीत नव्हती. माझ्याकडे सर्वांत मागे राहून कचरा उचलण्याचं काम होतं. ते ऑटोत चढत होते तेव्हा मी दगड गोणीत टाकले, गोणी कचऱ्याच्या गाडीत दिली आणि त्यांच्याबरोबर ऑटोत बसलो.

तासाभराने परतलो. पोपो-ला वाकून शोधू लागले, तेव्हा मी सांगितलं.

"आपने उठाया?"

"हाँ. कचरा समझा."

"सफाई अच्छा करते आप," ते म्हणाले.

जागा मला पक्की आठवत होती. मॅचिंग ब्लाउजपीसच्या दुकानासमोर. त्या ओळीत तशी सहा दुकानं होती.

"हमारे सामनेच रखे थे," एक दुकानदार म्हणाला.

"कायकू झूट बोलरै मियाँ? तू तो खाने को गया था," शेजारचा म्हणाला.

तिसरे मराठी निघाले. "त्यांचं ऐकू नका. आमच्या पायरीशी होते, त्या पिवळ्या थानाच्या रेषेत."

सर्वांत अलीकडचं, पहिलं दुकान धरलं तर प्रश्न मिटत होता. थोडं अंतर दोनदा चाललं गेलं असतं, इतकंच. पण जादा पावलं चालतील का, हे पोपो-ला एकटे ठरवू शकत नव्हते. निम्मी त्यांची नव्हती. त्यांनी वृद्धाश्रमात फोन लावला. बराच वेळ तिबेटीत बोलणं झालं.

"बोलती है, पहली दुकान से चलो. ज्यादा चलेगा, कम नहीं." मग फोन कानाशी तसाच धरून म्हणाले, "पूछती है, पत्थर उठानेवाला भी ऑटो में बैठा था?"

"हाँ."

"आपका पत्थर किधर रखा था?"

मी ठेवला नव्हता. ते त्यांनी पलीकडे कळवलं. पलीकडून मेहदीपट्टणम हा शब्द दोनदा ऐकू आला. पोपो-ला माझ्या बाजूने बोलत असावेत. सुलतान बाजाराच्या आधी, गौलीगुड्यात चहा पिताना त्यांनी मला स्वतःच्या पायांवर उभं पाहिलं होतं. तेवढीच साक्ष ते देऊ शकत होते. ती मान्य झाली: मेहदीपट्टणमऐवजी गौलीगुड्यापासून.

पट्टी बांधलेलं डावं पाऊल आधी टाकून ते पहिल्या दुकानापासून मलकपेठच्या दिशेने निघाले. मी गौलीगुड्याकडे वळलो.

"तुम्ही उलटे कुठे?" मराठी दुकानदारांनी विचारलं.

मी कारण सांगितलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग पाणी पिऊन जा," ते म्हणाले.