सांडूची बाकं

उस्मानपुऱ्यात एक कुजबुज लई दिवस फिरत होती: चर्चचा राखणदार सांडू सागाची बाकं एकेक करून विकतो आणि पितो. कुजबुजीला पाय आमच्या आवडाबाईंचे. सकाळी निघाली की दुपारी दौलताबादेत.

पोलीस ॲक्शननंतर मिशनचे गोरे साहेब गेले, त्यांच्यामागं मंडळीही पांगली. कुणी मुंबईच्या गिरणीत, कुणी पुण्याला नर्स. नाताळाआधी मोठे पाळकसाहेब पाहणीला यायचे. एका वर्षी ते सांडूला म्हणाले, "भिंतींना उपदेश करायला येऊ का मी? पुढच्या खेपेला बाकं अशीच रिकामी दिसली तर कुलूप घालू."

सांडूचा बाप्तिस्मा तिथला, लग्न तिथलं, बायको मागच्या आवारात पुरलेली.

पुढच्या वर्षी साहेब बघतात तर माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली. साहेबांची नजर बाकांवर. माणसं कोण मोजतो! म्हणाले, "मंडळी वाढतेय. नवी बाकं पाठवतो." ती अजून वाटेतच आहेत.

बाकं कमी झाल्याचं आवडाबाईंच्या कमरेला आधी कळलं.

"काय रं सांडू, सागाची दारू लई चढते व्हय?"

"चढते तर. तुमच्यासाठी बाकाचा एक पाय राखून ठेवलाय, आवडाबाई."

सगळे हसले. सांडूही हसला.

अखेर ही बातमी साहेबांच्या कानावर गेली. भर उपासनेत त्यांनी विचारलं, "सांडू, बाकं कुठं आहेत?"

सांडूनं उरलेल्या तीन भरगच्च बाकांकडं पाहिलं. "विकली, साहेब."

किल्ल्या काढून घेतल्या. म्हातारा म्हणून मागची खोली तेवढी राहू दिली. पुढं एवढ्या दाटीतही त्याच्या शेजारी कुणी बसेना, वीतभर जागा सुटायची. ती जागा बघितल्यापासून तो दारातच उभा राहू लागला.

कडाक्याच्या थंडीत तो खोलीबाहेर ओट्यावर गोणपाट पांघरून झोपायचा. "चोराला चार भिंतींत झोप लागत नाय," आवडाबाई म्हणाल्या. खोकला छातीत उतरला, तरी आत गेला नाय. नाताळच्या आदल्या दिवशी ओट्यावरच गेला.

पेटीत निजवायचं तर अंगात धुतलेला सदरा हवा, म्हणून आवडाबाईंनीच त्याच्या खोलीचं कुलूप फोडलं.

बाकं आत होती. सगळी. छतापर्यंत रचलेली, तेल लावून पुसलेली. त्यानं एकही विकलं नव्हतं. रिकामी दिसू नयेत म्हणून आत नेली होती, आणि त्याला स्वतःला आडवं व्हायला जागा उरली नव्हती.