मामांचा दोन मिनिटांचा फळसोडा

साऱ्या तंजावरात, किंबहुना कावेरीचं पाणी जिथवर पोचतं तिथवर, माझ्या मामेसासऱ्यांइतका घाईचा माणूस नाही आणि त्यांच्याइतका उशीर करणाराही नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात, अशी कोणाला शंका असेल तर त्यानं भर दुपारी त्यांच्या ओसरीवर यावं आणि नुसतं म्हणावं, "मामा, तहान लागली." मामा ताडकन उठतात, वेष्टी, म्हणजे इथलं धोतर, वर खोचतात आणि "बस, बस, दोन मिनिटं!" असं म्हणून आत पळतात. इथवर सगळं झटपट. मग आतून फळं हुडकल्याचे आवाज येतात, मग मागचं दार वाजतं, मग स्कूटर सुरू होते. पुदिना संपलेला असतो. पाहुणा बिचारा ओसरीवर बसून राहतो आणि शेवटी स्वतःच उठून माठातलं पाणी पितो.

मी मूळची कोल्हापूरची. लग्न होऊन इथे आले तेव्हा या घरातली मराठी ऐकून मला वाटलं, कोणीतरी जुनी पोथी तमिळ सुरात वाचतंय. माझ्या नवऱ्याच्या या मामांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक भिंत आणि तिच्यात एक दार आहे. ते दार कधी बंद झाल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे त्यांची भांडणंही आमचीच आणि आमची फोडणीही त्यांचीच. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. जन्मभर कालव्यांना वेळेवर पाणी सोडलं, असं ते सांगतात. माणसांच्या बाबतीत मात्र ते वेळापत्रक त्यांना कधी जमलं नाही. गेल्या उन्हाळ्यात मामी आजारी पडल्या आणि मामांच्या फळसोड्याच्या एका पेल्यानं आम्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. मामी आता ठणठणीत आहेत, म्हणून तर मला हे हसत लिहिता येतंय.

फळसोडा हे नाव मामांचंच. कोईमतूरच्या त्यांच्या लेकीनं फोनवर कुठलासा व्हिडिओ पाठवला. त्यात एक हसरी मुलगी ग्लासात फळाच्या फोडी टाकते, लिंबू पिळते, पुदिन्याची पानं चुरडते, बर्फ घालते, वरून गार सोडा ओतते आणि लगेच पिऊन टाकते. संपलं. चुलीपाशी जायला नको, साखर उकळायला नको. मामांना हे इतकं आवडलं की त्यांनी आयुष्याची उरलेली सारी दुपार त्याला वाहून टाकली. आता या कृतीत वेळ घालवायला जागा तरी कुठे आहे? पण मामा ती काढतात, वर आपल्या मनानं आलं आणि मीठही घालतात. लिंबं तिरुवैयारूच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मळ्यातलीच लागतात. सोडा गोटीच्या बाटलीतलाच लागतो, आणि तोही कोपऱ्यावरच्या दुकानातला नव्हे, कारण त्याची "गोटी नीट बोलत नाही." शिवाय फळ चाखल्याशिवाय घ्यायचं नाही आणि चाखल्याशिवाय चिरायचंही नाही, हा त्यांचा नेम. पन्नीर नावाच्या इथल्या काळ्या द्राक्षांचा घोस हातात आला की प्रत्येक द्राक्षावर त्यांचा वेगळा संशय असतो. एकदा तर सगळा घोस तपासून झाल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "सगळीं गोड होतीं गे!" ग्लासात अर्थातच काही पडलं नाही.

पापनाशमहून माझ्या नवऱ्याचे एक मित्र सपत्नीक आले होते, तेव्हाची गोष्ट. त्यांची परतीची बस ठरलेली. निघताना मामा आडवे आले. "कोरड्या तोंडानें जायचें नाही. दोन मिनिटं!" त्या भल्या माणसांनी चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. शेवटी मामी म्हणाल्या, "जा बाबा तुम्ही, नाहीतर रात्रीं इथेंच जेवावें लागेल." ते गेले. थोड्या वेळानं मामा बाहेर आले, ओसरी रिकामी पाहून क्षणभर थांबले आणि झाकणाची बरणी घेऊन स्कूटरवर बसले. बस स्टँडातून बाहेर पडत होती. मामांनी हात आडवा केला, बस थांबवली, आणि कंडक्टर ओरडत असताना खिडकीतून बरणी आत दिली. पुढे कळलं की त्या बरणीतलं निम्मं कंडक्टर प्यायला आणि वर त्यानं विचारलं, "हा सोडा कधी काढलेला, सार?"

त्याचा प्रश्न रास्त होता. कारण मामांचा खरा दोष उशीर नव्हे, त्यांचा उजवा हात. या घरात सकाळची कॉफी जन्मभर मामांनीच केली. डिकॉक्शन, दूध, साखर, आणि मग टंबलर आणि दवरा, म्हणजे तो पेला आणि ती पसरट वाटी, यांच्यात कॉफी वरखाली करून ती निववणं. मामांचा हात डोक्याच्याही वर जातो, धार खाली येते, फेस उभा राहतो, थेंब सांडत नाही. पाहत राहावं असं काम. पण त्या हाताला कॉफी आणि इतर पातळ पदार्थ यांच्यातला फरक ठाऊक नाही. ताकही ते वरखाली करतात, शहाळ्याचं पाणीही करतात, एकदा तर मी त्यांना खोकल्याचं औषध वरखाली करताना पाहिलंय. आणि फळसोडा! तो ग्लासात फसफसत असतो, बुडबुडे नाचत असतात, आता नुसता पुढे करायचा, तेवढ्यात मामांच्या हातात कुठूनसा दवरा येतो, हात वर जातो, आणि फस्स! निम्मा फेस ओट्यावर, उरलेला वेष्टीवर, द्राक्षं जमिनीवर घरंगळताहेत आणि पेल्यात उरलाय तो लिंबाचा मचूळ काढा. "अरेरे, परत झालें!" असं मामा म्हणतात. मनापासून म्हणतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

चुकून सोडा शाबूत राहिलाच, तर पिणाऱ्याची परीक्षा असते. या घरात पेल्याला ओठ लावायचा नाही. मान मागे टाकायची, पेला उंच धरायचा आणि धार थेट घशात सोडायची. पाण्याला ठीक आहे. पण फसफसणारा सोडा उंचावरून घशात सोडून पाहा एकदा. मी नवी सून म्हणून मोठ्या धिटाईनं सोडला. तो नाकातून परत आला, बरोबर पुदिन्याचं एक पान घेऊन. मी डोळे पुसत होते तर मामा कौतुकानं म्हणाले, "बघ, किती जोरदार आहे!"

या सगळ्यावर शेरा मारायचा अधिकार फक्त मामींचा. मामी ठेंगण्या, करारी, आणि जिभेला कधी सुट्टी न दिलेल्या. आतल्या खोलीत पंख्याखाली बसून त्या नुसत्या आवाजावरून सांगत, "अहो, आलें जास्त झालें," किंवा "तें लिंबू वाळलेलें आहे, टाका." पेला हातात आला की एक घोट घेऊन "ह्यापेक्षां पावसाचें पाणी बरें," म्हणून तो परत करत. मामांची आयुष्यात एकच महत्त्वाकांक्षा उरली होती. मामींनी एकदा तरी, फक्त एकदा, "छान आहे" म्हणावं. माझ्यापाशी त्यांनी ते बोलूनही दाखवलं होतं. "कालव्यावर मोठमोठे साहेब मला शाबास म्हणाले गे. ही म्हणत नाही."

गेल्या उन्हाळ्यात, अग्निनक्षत्राच्या त्या जीव नकोसा करणाऱ्या दिवसांत, मामींना ताप भरला. बरेच दिवस हॉस्पिटलात काढले. लेक आली, राहिली, ताप उतरल्यावर, पोरांच्या शाळा उघडल्या म्हणून परत गेली. मामी घरी आल्या, पण त्या मामी नव्हत्याच. खायच्या नाहीत, प्यायच्या नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ताप गेलाय, आता पोटात पातळ काहीतरी जाऊ द्या, नाहीतर परत भरती करावं लागेल आणि या वयात ते सोपं नाही. आम्ही पेज केली, सार केलं, शहाळी आणली. चमचाभर घ्यायच्या आणि हळूच म्हणायच्या, "बरें आहे. पुरे." एके दिवशी मामा पेला घेऊन मधल्या दारातून आमच्या स्वयंपाकघरात आले. चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, काय झालं आता! ते म्हणाले, "अगे, ती बरें आहे म्हणाली. माझ्या हातच्या ताकाला. तिला काहीतरी झालें आहे गे." मी हसायला गेले आणि हसू आलंच नाही. कारण ते अगदी खरं होतं.

मग मामांनी ठरवलं की एकदा तरी नीट करायचं. व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. दवरा त्यांनी माझ्या हवाली केला, "लपवून ठेव" म्हणून. मोसंब्याच्या फोडी, चार द्राक्षं न चाखता, पुदिना, लिंबू, बर्फ. कोपऱ्यावरचाच सोडा आणला, कारण आता गोटी काय बोलते ते ऐकायला वेळ नव्हता. आणि खरंच सांगते, दोन मिनिटांत झाला. पेल्यात बुडबुडे वर चढत होते, पानं हिरवीगार तरंगत होती, मलासुद्धा तहान लागली. डॉक्टरांची परवानगी होतीच. मामांनी पेला दोन्ही हातांनी धरून आत नेला. मामींनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "छान आहे हो." आणि कुशीवर वळल्या. मामा बाहेर येऊन ओसरीवर बसले. भरलेला पेला शेजारी ठेवला. ज्या शब्दासाठी हा माणूस इतकी वर्षं स्कूटर दामटत होता तो मिळाला होता, आणि मी त्यांना इतकं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी जवळ जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा ओट्यापाशी उभे होते. आज कुठलाच उत्साह नव्हता. काहीतरी करायला हवं म्हणून करत होते. मी मागे भांडी पुसत होते, सकाळच्या कॉफीला काढलेला दवराही त्यातच होता, आणि मन थाऱ्यावर नसलेल्या मामांनी तो कधी उचलला ते मलाही कळलं नाही. हात वर गेला. धार खाली आली. बर्फ खणखणला आणि फस्स करून सगळा फेस ओट्यावरून वाहू लागला.

"अहो!"

आतून आला आवाज. बारीक होता, पण होता तो तोच. मामांचा हात तसाच वर राहिला.

"सोडा आहे तो, कापी नव्हे! किती वेळां सांगूं? जीव गेला की त्याचा. आणा इकडे, बघूं काय उरलें आहे तें."

आम्ही दोघं धावलो. मामी कोपरावर रेलून उठायच्या धडपडीत होत्या. मी पाठीला उशी दिली. त्यांनी पेला घेतला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. आहाहा, काय सुंदर वाकडं केलं! "हें काय? मोसंब्याच्या बियाही नाही काढल्या. पुदिना धुतला होता कां? आणि हा पेला कोणी काढला, हा पाहुण्यांचा पेला." प्रत्येक आरोप नीट करता यावा म्हणून त्या आणखी एक घोट घेत होत्या. आलं जून आहे, घोट. लिंबू कुठलं हे, तिरुवैयारूचं नव्हे, घोट. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. छातीवरचं ओझं उतरलं म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. पेला रिकामा होत होता आणि खोलीत पुन्हा माणसं राहताहेत असं वाटत होतं.

मामा पलंगाच्या कडेला बसले होते. ओल्या वेष्टीतून पाणी टपकत होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते दोघंही म्हातारे झालेत, हे मी त्या क्षणी पहिल्यांदा नीट पाहिलं. यांतलं एक माणूस कधीतरी दुसऱ्याला काही बोलायला उरणार नाही, हेही मनात येऊन गेलं. पण ते कधीतरी. त्या दुपारी नव्हे. मामी बोलून बोलून दमल्या, मागे टेकल्या आणि थोडा श्वास घेतला. खोली गप्प झाली. तसे मामा घाबरेघुबरे होऊन पुढे सरकले आणि मामींच्या हातावर हात ठेवून म्हणाले,

"आणि मीठ? मिठाचें कांही नाही बोललीस."