सोळा टेराबाइटची डिस्क

बिदरजवळ कोळारला एका डाळीच्या कारखान्यात मी संगणकाचं काम बघत होते. बिलं, वजनकाटा, कॅमेरे, सगळं माझ्याकडं. कॅमेऱ्यांचं चित्रण लिनक्सच्या एका मशीनवर साठायचं.

पॉलिशच्या यंत्रावर भालकीकडची एक अक्का होती. यंत्राच्या पट्ट्यावरची जाळी मालकानं दुरुस्तीला म्हणून काढली, ती परत बसवलीच नाही. एका सकाळी अक्काचा पदर पट्ट्यात गेला आणि मागोमाग उजवा हात. दवाखान्यात तो कोपरापासून काढावा लागला.

त्याच आठवड्यात मालकानं सोळा टेराबाइटची नवी डिस्क आणली. इतके दिवस मी मागत होते, तेव्हा मिळाली नव्हती. डिस्कचे भाग नोंदवणारा जुन्या पद्धतीचा तक्ता दोन टेराबाइटच्या पुढं मोजतच नाही, म्हणून मी जीपीटी नावाचा नव्या पद्धतीचा तक्ता लिहिला, सगळ्या डिस्कचा एकच अखंड भाग केला आणि फॉरमॅटचा हुकूम दिला. एवढी अजस्र डिस्क, पण चहा निवायच्या आत तयार.

"आता जुनी बी साफ कर," मालक म्हणाले.

"तिच्यात अक्काच्या हाताचं हाय. जाळी नव्हती ते दिसायलंय."

"म्हणूनच सांगायलोय."

"मी न्हाई करत."

ते चिडलेही नाहीत. नक्कल काढून घ्यावी म्हणून मी मशीनकडं गेले, तर पासवर्ड बदललेला. हुमनाबादहून एक माणूस बोलावला होता. फॉरमॅटनं वरचा तक्ता तेवढा बदलतो, खालचं परत काढता येतं, हे मालकाला कुणीतरी सांगितलं होतं. "परत निघू नये असं कर," ते त्याला म्हणाले. त्यानं जुन्या डिस्कवर या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यं लिहायला लावली. मी वायर ओढायला हात घातला, तेव्हा मला फाटकाबाहेर काढलं. परत मी तिथं कामाला गेले नाही.

अपघाताच्या चौकशीला आलेल्या साहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी चित्रण मागितलं. मालकानं नवी डिस्क दाखवली. "जुनी खराब झाली, साहेब." कामगाराचा निष्काळजीपणा, असं ठरलं.

मी अक्काच्या घरी गेले. नोकरी सोडल्याचं ऐकून ती माझ्यावरच डाफरली.

"कामून सोडलीस गं? माझा हात परत येणार हाय का त्यानं?"

मग तीच म्हणाली, "मालकानं मला बोलावलंय. झाडायचं काम देतो म्हणाला."

"आन् तू जायलीस?"

"व्हय. एका हाताच्या बाईला दुसरं कोण ठेवून घेतंय?"

सोमवारपासून ती कामाला जाऊही लागली.