पिलब्रोबाईंचे चार शब्द

१८८४ साली हेस्टर पिलब्रो ग्रीक-लॅटिनच्या परीक्षेत सगळ्या मुलग्यांच्या नाकावर टिच्चून पहिली आली. मुलग्यांना सभागृहात झगे घालून पदव्या मिळाल्या. हेस्टरला पोस्टानं एक कागद आला. विद्यापीठ बायकांना परीक्षेला बसू देई, पदवी देत नसे. बसू देणं हेच फार झालं, असं तिथल्या दाढीवाल्यांचं मत होतं.

काम मिळालं ते प्रोफेसर विंडल यांच्या ग्रीक कोशावर. एकोणतीस वर्षं ती हस्तलिखितांत डोळे फोडून शब्दांचे अर्थ लावत बसली. प्रोफेसर चहाच्या वेळी उगवत, केक खात आणि तिच्या पानांखाली सही ठोकत. कोश छापून आला तेव्हा तिनं प्रस्तावना तीनदा वाचली. त्यात त्यांच्या कुत्र्याचेसुद्धा आभार होते. तिचं नाव नव्हतं.

"पुढच्या आवृत्तीत नक्की हं, मिस पिलब्रो," प्रोफेसर म्हणाले, आणि त्या आवृत्तीआधीच वारले.

पंधरा दिवसांनी मिसेस विंडल काळ्या पोशाखात दारात हजर.

"कॉलेजच्या चॅपेलमध्ये ह्यांच्या नावाची पाटी बसवताहेत. लॅटिन मजकूर तुम्हीच द्या बाई लिहून. ह्यांचं सगळं तुम्हीच तर लिहायचात."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"घरात काय चाललंय ते बायकोला कळत नाही होय? पण त्याचा गवगवा कशाला करायचा!"

हेस्टरच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तरी तिनं मजकूर लिहिला, आणि जीव ओतून लिहिला. प्रोफेसरांच्या कोशाची थोरवी सहा ओळींत सांगून शेवटी चार शब्द घातले: हेस्टर पिलब्रो हिच्या सोबतीनं. आजवर ती मागत आली होती. या वेळी तिनं न विचारता घेतलं.

पाटी बसली त्या दिवशी ती चॅपेलमध्ये गेली. सहा ओळी जशाच्या तशा होत्या. शेवटचे चार शब्द नव्हते. पाटीचं काम बघणारे डॉक्टर लॅथम तिथंच मान डोलावत उभे होते.

"काय लॅटिन आहे, वा! विंडलनं जाण्याआधी स्वतःच लिहून ठेवलेलं दिसतंय. दुसऱ्या कुणाची छाती आहे?"

"शेवटी आणखी चार शब्द होते," हेस्टर म्हणाली.

"होते ना! आम्ही लगेच ओळखले. नक्कल करणारा शेवटी हळूच आपलं नाव घुसडतो. जुन्या हस्तलिखितांत नेहमीचंच आहे हे. मूळ लेखकाचे नाहीत, म्हणून काढले." मग ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका, मिस पिलब्रो. नक्कल मात्र सुरेख केली होतीत."

त्यांच्या थोबाडीत द्यावी असं हेस्टरला वाटलं. ती "आभारी आहे" म्हणाली, आणि त्या दोन शब्दांसाठी तिनं स्वतःला मरेपर्यंत क्षमा केली नाही.