परातीच्या पाठीवरची खूण

बारामतीच्या स्थानकावर उतरले तेव्हा समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता आणि त्याच्या मागे सगळा रस्ता मुकाट्याने सरकत होता. पुण्याहून मी शालनमावशीकडे आले होते. तिच्या रूपालीचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि माझ्याकडे एक काम होतं.

रुखवतात मांडायला मावशीने एक पितळी परात काढून ठेवली होती. तिच्या सासूबाईंनी जाताना नातीसाठी राखून ठेवलेली. परातीच्या पाठीवर, काठाजवळ, एक खूण होती: पानासारखा आकार, कडेला दोन काप आणि मध्ये ठिपका. ही कोणत्या कारागिराची, ते शोधून परातीशेजारी त्याचं नाव लिहायचं मी ठरवलं होतं. मी वाचायला शिकले ती वडिलांच्या कामगार चळवळीच्या पत्रकांवर. कोनशिलेवर पाहुण्याचं नाव असतं, गवंड्याचं नसतं, याची चीड तेव्हापासूनची आहे.

"शोध की," रूपाली म्हणाली, "पण चकाकी घालवू नकोस. फोटो यायचेत सगळे."

मावशीला घेऊन मी बाजारातल्या एका जुन्या भांड्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने परात उजेडाकडे धरली.

"घडवणाऱ्याची खूण ठशाची असते. एका घावात उठते, सगळ्या नगांवर सारखी. ही छिन्नीनं कोरलीय, आणि कोरणाऱ्याचा हात काही सराईत नव्हता. ही मालकाची खूण आहे."

मग त्याने समजावून सांगितलं. पूर्वी लग्नाच्या जेवणावळीला भांडी घराघरांतून गोळा व्हायची. कोणी नाव घालून घ्यायचं, कोणी खूण करायचं. पंगती उठल्या की पाठ बघून ज्याचं त्याला परत.

मी हिरमुसले. मावशीचा चेहरा तर पार उतरला होता.

"आमच्या सासऱ्यांनी भांड्यांवर नाव घातलं हुतं," ती हळूच म्हणाली. "ही खूण आमची न्हाय. माझं लगीन सणसरला झालं, तवाच्या पंगतीत बदलली असंल."

"मग परत द्यायला हवी," मी ताबडतोब म्हणाले.

"द्यायला हवी म्हणं! पत्रक वाटायला निघाल्यासारखी बोलू नको. सासूबाईंची म्हणून आजवर हिच्यात कणीक मळली मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर परात जुन्या लुगड्यात बांधून तयार होती.

वालचंदनगरकडे जाणारी एसटी मिळाली. मावशी, रूपाली, मी आणि परात. एका वळणावर परात मांडीवरून निसटली आणि घरंगळत थेट कंडक्टरच्या पायाशी गेली.

"मावशी, हिचं हाफ तिकीट काढू का?"

"काढ की. पर मग तिला खिडकी दे."

दोन्ही बाजूंना ऊस होता. तोडणी झालेल्या शेतांत पाचट पसरलेलं, आणि मध्येच कालव्याचं पाणी चमकून जायचं.

सणसरला उतरलो. रस्त्याकडेला एक मध्यमवयीन माणूस चार मेंढरं चारत बसला होता. मी परात दाखवून विचारलं, असं पान कोणाच्या भांड्यांवर असायचं?

तो हसला. "पान कुठलं, ताई? मेंढीचा कान हाय ह्यो. दोन काप आन मधी भोक. यमुनाआजीच्या कळपाची खूण. मेंढरं कवाच इकली त्यांनी, आता ऊस हाय."

कळप एकमेकांत मिसळले की आपलं मेंढरू ओळखता यावं, म्हणून प्रत्येक घर कानाला आपापला काप द्यायचं. तोच काप त्यांनी भांड्यांवर कोरला होता.

यमुनाआजी अंगणात शेंगा निवडत होत्या. मावशीने काही सांगायच्या आत त्यांनी परात घेतली, उलटी केली आणि खुणेवरून अंगठा फिरवला.

"ह्यांनी कोरल्याली. पयल्यांदा छिन्नी घसारली, ह्यो बघा ओरखडा." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "सासू मरस्तवर बोलली मला. लग्नाला दिली आन घालवून आली म्हणायची."

मग त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याजवळून एक काळवंडलेली परात आणली. कण्या झटकल्या, राखेने पाठ घासली. काठाला मोठा पोचा होता. आणि पाठीवर, ठळक अक्षरांत, मावशीच्या सासऱ्यांचं नाव.

"आजी, नाव होतं की!" मी म्हणाले.

"हुतं. पर वाचणार कोण? आमच्यात कुणाला अक्षर येत न्हवतं. पोरं शिकली तवर ती कोंबड्यांपुढं गेली. तिची पाठ कोण बघतंय?"

एका घराला अक्षरं वाचता येत नव्हती, दुसऱ्याला कान. खुणा दोन्हीकडे चोख होत्या.

"हिच्यात कोंबड्या जेवल्यात," रूपाली कुजबुजली.

"मग बाटली व्हय?" आजी म्हणाल्या. "तुज्या आजाचं नाव हाय तिच्यावर."

मावशीने पोचा पडलेली परात उचलून लुगड्यात बांधली. मग म्हणाली, "तुमची तुमी ठेवा, आजी."

आजींनी ठेवली. नको-नको म्हटलं नाही, आणि ते मला बरं वाटलं. आम्हाला हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पातळ पेज) आणि ज्वारीची भाकरी मिळाली. त्या भाकरीचं पीठ आजींनी आपल्या परातीतच मळलं. निघताना मावशीने त्यांना लग्नाचं आमंत्रण दिलं.

परतीच्या गाडीत मावशीने पोचा पडलेली परात मांडीवर घेतली होती. न्यायाची भाषा मी केली होती. हातातून गेलं ते तिच्या. माझं काहीच गेलं नव्हतं. त्या पत्रकांत हे कुठे लिहिलेलं मला आठवेना.

हळदीच्या दिवशी मी पुन्हा बारामतीला गेले. सकाळीच यमुनाआजी दारात उभ्या. काखेत परात.

"पुरणपोळीची कणीक स्टीलात मळता व्हय? घ्या ही."

दुसऱ्या दिवशी, लग्नात, पोचा पडलेली परात रुखवतात मधोमध होती. वराकडच्या एका बाईंनी विचारलं, हे काय?

"कोंबड्यांचा पराक्रम," रूपाली म्हणाली. "बसा, सांगते."

संध्याकाळी भांडी घासली जात होती तेव्हा आजी नळाजवळून हलल्या नाहीत. प्रत्येक परात उलटी करून, अंगठा फिरवून, आपली सापडली तशी पदराने पुसली आणि काखेत मारली. मी त्यांना स्थानकावर सोडायला गेले. ती परात घडवली कोणी, ते मला अजून माहीत नाही. पण ती कोणाची, हे आता दोन गावांना माहीत होतं.

गाडीत गर्दी होती. "द्या आजी, वर फळीवर ठेवते," मी म्हणाले.

त्यांनी परात छातीशी धरली.

"नगं बाय. एकदा दुसऱ्याच्या हाती दिली हुती."