फुकट वर्गणीदार

एका शब्दावरून अख्ख्या सोलापूरशी भांडण उकरून काढणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू व्हावा, याचा राग मला आजतागायत आहे. आमचे साडू अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. म्हणजे बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त करायचे. मागांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे हळू बोलणं त्यांना ठाऊकच नाही. आमच्याकडे आल्यावर 'चहा चालेल' हे ते अशा आवाजात सांगतात, की शेजारीणसुद्धा आधण ठेवते. लग्नात त्यांनी आशीर्वाद दिला की नवरी दचकते. निवृत्तीनंतर माणसाने निदान सकाळी फिरायला तरी जावं. यांनी संस्था काढली. मागांच्या आवाजाने बहिऱ्या झालेल्या कामगारांचे कान तपासायचे आणि त्यांना ऐकायचं मशीन मिळवून द्यायचं. काम सोन्यासारखं, त्यात वादच नाही. पण पैसे मागायचे नाहीत, हा बाणा. "मागायचं कशाला? लोकान्ला आपसूक कळतंय की!"

कळत कुणालाच नव्हतं. साडूंच्याच कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी नरसम्मा मशीनची वाट बघत रोज संस्थेच्या दारात येऊन बसायची. आजीला ऐकूच जात नाही म्हणून तिच्या नातीने तिच्याशी बोलणंच सोडलं होतं. शेवटी माझ्या मुलीने पुढाकार घेतला. एका प्रदर्शनात संस्थेने लावलेल्या स्टॉलवर ज्यांनी फुकट कान तपासून घेतले आणि ईमेलचे पत्ते दिले, त्यांना ती दर महिन्याला संस्थेची हकीगत पाठवू लागली. "आधी ओळख होऊ दे काका, मग हळूच मागू," असं तिचं म्हणणं. सगळं ठीक चाललं होतं, पण एक दिवस साडूंनी तिच्या कॉम्प्युटरवर 'सबस्क्रायबर' हा शब्द वाचला आणि घरी जाऊन शब्दकोश उघडला.

दुसऱ्या दिवशी कोश काखोटीला मारून ते आमच्या दारात हजर. "वर्गणीदार! हे बगा, छापलंय हितं. वर्गणी न देणारा वर्गणीदार आसतोय का कुटं?"

मी म्हटलं, "अहो, त्या लोकांनी नुसतं वाचायला नाव दिलंय."

"मग तसं म्हणायचं की! फुकट्या म्हणायचं!"

आता या माणसाला काय समजावणार? पण खरं सांगतो, संताप मलाही यायचा. नरसम्माची हकीगत वाचून हे लोक उत्तर पाठवायचे, 'स्तुत्य उपक्रम', आणि खाली जोडलेल्या हातांचं चित्र. हात जोडून कुणाच्या कानात आवाज जातो का हो? वाचून डोळ्यांत पाणी आलं म्हणे. आलं असेल. पुसलं आणि बसले.

साडूंनी मात्र वसुलीच काढली. मला स्कूटरवर मागे बसवून होटगी रोडला एका निवृत्त अधिकाऱ्याच्या इमारतीखाली नेलं आणि तिथूनच आवाज दिला, "सायेब! तुमी आमचे वर्गणीदार! दर म्हयन्याला वाचताय, वर्गणी कुटं हाय?" प्रत्येक गॅलरीत माणूस आला. साहेब लालबुंद. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेब दुसऱ्याच दिवशी तणतणत संस्थेत आले. साडू बाहेर गेले होते. दारात नरसम्मा होती आणि आत मी. "माझं नाव काढून टाका!" साहेब गरजले.

"काय?" नरसम्मा म्हणाली.

"नाव! माझं नाव!"

तिला 'नाव' तेवढं कळलं. त्या लालबुंद चेहऱ्याकडे बघून तिला वाटलं, हाही आपल्यासारखाच, ऐकू येत नाही म्हणून ओरडतोय. ती उठली, साहेबांना हाताला धरून स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि मला म्हणाली, "ह्यान्ला लई त्रास दिसतोय. माझ्या आदी ह्यांचा नंबर लावा की."

साहेबांनी मला खालच्या आवाजात विचारलं, "यांचा नंबर कधी आहे?" मी म्हटलं, "पैसे जमले की." त्यांनी तिथेच पैसे भरले, आणि पुढे त्यांच्या ओळखीच्या दोन-चार 'वर्गणीदारांना'ही घेऊन आले.

नरसम्माच्या कानाला मशीन लागलं तेव्हा साडू तिच्यापुढे उभे राहिले आणि नेहमीच्या पट्टीत ओरडले, "ऐकू येतंय का, नरसम्मा?"

तिने दचकून कानांवर हात ठेवले आणि खुदकन हसली. "अय्यो! तुमी असं बोलता व्हय? कारखान्यात नुसते व्हट हलताना दिसायचे. मला वाटायचं, हा मानूस लई मऊ बोलत आसंल."

साडू शेजारी उभ्या असलेल्या मलाही जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "आता तसंच बोलतो की."

नात आता आजीशी बोलते, आणि साडू त्या दोघींशी अजून तसंच हळू बोलतात. आमच्या दारात आले की मात्र पुन्हा तीच गर्जना. तो मऊ आवाज एकदा तरी आपल्याही वाट्याला यावा, असं मला हल्ली फार वाटतं.