दोनदा बोलली, बाई

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, विहारात शेजारी बसणाऱ्या बायांना नाही — आणि त्या बाया माणसाच्या पोटातलं काय काय काढून घेतात, तुम्हाला कल्पना नाही. आता सांगते, कारण आमच्या गावच्या नाट्यमंडळाची पोरं स्मरणिका काढताहेत. घरी आली, चहा प्याली आणि म्हणाली, "आजी, त्या रातचं लिहून द्या."

त्या रातचं. गोंडपिपरीपासून गडचिरोलीच्या टोकापर्यंत नाटकवाल्यांत ती रात्र माहीत नाही असा माणूस नसेल. कुठे माझा सत्कार झाला की माईकवाला तीच गोष्ट सांगतो. मी मान खाली घालून बसते. लोक म्हणतात, बाई केवढी मोठी, पण लाजते पाहा कशी.

मी लाजत नव्हते हो. पण ते पुढे सांगते.

लोक सांगतात ती गोष्ट आधी ऐका. आमच्या गावची मंडई होती, दिवाळीनंतरची जत्रा. दिवसा बैलांचा पट, म्हणजे शर्यत झाली, रात्री नाटक. नाटक रहस्यमय — तेव्हा झाडीपट्टीत खुनाच्या नाटकांची भारी हवा होती. खून झाला, पोलीस आला, मध्ये दोन लावण्या झाल्या, आणि पहाटे पहाटे खुनी सापडला की मगच माणूस बैल जुंपून घरी जायचा. तर या नाटकात मालकिणीचं काम करणाऱ्या मंजुळाबाई शेवटच्या प्रवेशात अडकल्या. खुन्याचं नाव घ्यायचं आणि त्यांना ते आठवेना. मैदानात कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात विंगेतून मोलकरीण पुढे आली — पहिल्या अंकात नुसता दुधाचा पेला घेऊन येणारी, एकही वाक्य नसलेली मोलकरीण — आणि म्हणाली, "मालकीणबाई, घरातल्या माणसाचं नाव तुमच्या तोंडून निघणार नाही. मी सांगते. धाकटे मालक, उठा त्या खुर्चीतून. तुमचे पाय शाबूत आहेत."

लुळ्याचं सोंग घेतलेला दीर खुर्चीतून उठला आणि मैदान फुटलं. टाळ्या, शिट्ट्या, फेकलेले दुपट्टे. ती मोलकरीण मी. गावातली चौथी शिकलेली पोरगी. तिनं नाटक वाचवलं.

हे सगळं खरं आहे. एकेक शब्द खरा आहे. फक्त बाई अडकल्या काऊन, हे इतक्या वर्षांत एकानंही विचारलं नाही.

आमचं नाटक कसं चालायचं ते सांगितल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही. पुरुष गावातलेच — शिंपी, मास्तर, शेतकरी. लेडीज कलाकार बाहेरून बोलावलेल्या. त्यांचा काल एका गावात खेळ, आज दुसऱ्या, उद्या तिसऱ्या. दर ठिकाणी नवं नाटक. पाठ कधी करायचं? जीपमध्ये बसून गोष्ट कळेपर्यंत वाचायचं, बाकी सगळं प्रॉम्टरच्या भरवशावर. प्रॉम्टर म्हणजे पहिल्या विंगेच्या आड स्टुलावर बसून, टॉर्च लावून, नटाच्या अर्धं वाक्य पुढे वाचत जाणारा. त्याचा आवाज नटाच्या कानापर्यंत जायला हवा आणि स्टेजवर वर टांगलेल्या माईकच्या अलीकडेच मरायला हवा. हे सोपं नाही बरं. आमच्या गावात ते मला येत होतं. शाळा सुटली तरी मी वाचायचं सोडलं नव्हतं. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचायची, मंडळाच्या पेटीतली जुनी नाटकं वाचायची. म्हणून गणपतभाऊ — मंडळाचे चालक, त्या नाटकातले लुळे दीरही तेच — त्यांनी मला स्टुलावर बसवलं. स्टेजवर नाही. स्टुलावर. त्या नाटकात मोलकरणीला बोलायचं काही नव्हतं, म्हणून तेवढं दूध न्यायला मला पाठवलं.

आणि मंजुळाबाई बल्लारपूरच्या. कागद कारखान्याच्या मागच्या वस्तीत एक खोली होती त्यांची. उंच, सावळ्या, आवाज असा की दूरच्या शेकोटीजवळ बसलेला माणूस मान वर करायचा. दर मंडईला आमच्याकडे यायच्या. मंडळाचं जेवण गावातल्या मोठ्या घरी असायचं, पण बाई आमच्या वस्तीत यायच्या, माझ्या आईच्या हातचं खायच्या आणि मला म्हणायच्या, "तू विंगेत असली का मले पाठ करा लागत नाई, पोरी. तुया आवाज म्हंजे माया डोक्यातलाच आवाज."

ऐकलंत? हे बोलणाऱ्या बाईचं मी काय केलं ते आता लिहिते आहे.

मला ते काम हवं होतं. बस. दुसरं काही नाही. बाई जे वाक्य बोलायच्या ते अर्ध्या श्वासाआधी माझ्या तोंडून गेलेलं असायचं, आणि टाळी त्यांना पडायची. त्यांचा हेवा करायची का मी? प्रेमही करायची. दोन्ही. माणसाच्या पोटात दोन्ही मावतं, मावत नाही असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

त्या साली नाटक ठरलं तेव्हा पुस्तक माझ्याकडेच होतं. शेवटचा प्रवेश वाचला आणि मला दिसलं — दिसलंच हो, स्टेज, उजेड, खुर्ची सगळं — की बाई इथे थांबल्या तर काय होईल. आणि त्या थांबू शकतात हे मला ठाऊक होतं. कारण त्या हंगामात त्यांच्याकडे खुनाचीच नाटकं होती. एकात खुनी डॉक्टर, एकात नवरा, एकात वकील, आमच्यात दीर. रहस्यमय नाटकात बाकी काही चुकलं तरी चालतं, लोक हसून सोडतात. खुनी चुकला तर स्टेज मोडतात. त्यामुळे बाई दुसरं काहीही अंदाजानं बोलतील, पण ते नाव माझ्याकडून ऐकल्याशिवाय घेणार नाहीत.

"मालकीणबाई, तुमच्या तोंडून निघणार नाही." लोक म्हणतात, क्षणात सुचलं, काय हजरजबाबी पोरगी. अरे, क्षणात कुठलं? धान कापताना घोकलं होतं मी ते. विळा चालायचा आणि ओठ चालायचे. बाजूची बाई विचारायची, "काय पुटपुटून राह्यली वो?" मी म्हणायची, "बुद्धवंदना."

त्या रात्री मी शेवटच्या प्रवेशापर्यंत नीट वाचलं. इतकं चांगलं मी कधीच वाचलं नसेल. मग ते पान आलं. बाई गर्रकन वळल्या, बोट उगारलं — बोट कोणाकडेच नव्हतं, हवेत होतं — आणि कान माझ्याकडे केला. मी टॉर्च बंद केली.

त्यांनी विंगेकडे पाहिलं. त्यांना अंधार दिसला असेल. मला त्या पूर्ण दिसत होत्या. कपाळावरचा रंग घामानं ओघळत होता. थंडीचे दिवस होते. गणपतभाऊ खुर्चीत बसून ओठ हलवत होते, पण त्यांनी आपलंच नाव कसं सांगावं? मी थांबले. मैदानात कुजबुज सुरू होईपर्यंत थांबले. मग पुस्तक स्टुलावर ठेवलं, पदर खोचला आणि पुढे गेले.

झालं — तुम्हाला वाटेल, हीच कबुली. नाही. इतकंच असतं तर मी केव्हाच सांगितलं असतं, हसत सांगितलं असतं. नाटकात लोक याहून वाईट वागतात. एकमेकांचे प्रवेश खातात, दाढ्या लपवतात. मी ते काम हिसकावलं, आणि चांगलं केलं. त्याची मला लाज नाही. आजही नाही.

पडदा पडल्यावर बाई माझ्याकडे आल्या. चिडतील असं वाटलं होतं. मारतील असंही. त्याची तयारी करूनच मी उभी होते. त्यांनी माझा हात धरला, त्यांचा हात गार होता, आणि विचारलं, "पोरी, तू बोलली होतीस ना वो?"

आता पाहा. इथे मी "नाई" म्हणू शकत होते. एक थप्पड बसली असती, शिव्या बसल्या असत्या, दुसऱ्या दिवशी बाई जीपमध्ये बसून पुढच्या गावाला गेल्या असत्या आणि तिथे दणकून काम केलं असतं. "टॉर्च विझली" म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेही खोटंच, पण ते खोटं टॉर्चच्या माथी गेलं असतं.

मी म्हटलं, "बोलली तं. दोनदा बोलली, बाई. तुमाले ऐकू नाई आलं?"

त्यांनी हात सोडला. आपल्या कानाला लावला.

चंद्रपूरला जाऊन त्यांनी कान दाखवले. डॉक्टर म्हणाला, काही झालेलं नाही. पण बाईंनी धरून घेतलं — डॉक्टरच्या खोलीत येतं ऐकू, लाईट लागले का माये कान बंद होतात. पुढच्या गावात त्यांनी प्रॉम्टरला सांगितलं, जोरात बोल. त्याच्या पुढच्या गावात, अजून जोरात. प्रॉम्टर बिचारा ओरडायला लागला, त्याचा आवाज टांगलेल्या माईकमध्ये गेला, माईकमधून भोंग्यात, आणि बाईंनी तोंड उघडण्याआधी खुन्याचं नाव गावभर झालं. पब्लिकमधून एक म्हातारा उठून म्हणाला म्हणे, "अवो बाई, तुमी राहू द्या. भोंग्यानं सांगतलं आमाले." लोक पोट धरून हसले. मलाही कोणीतरी ही गोष्ट मोठ्या चवीनं सांगितली, आणि मी — हसले.

खुनाच्या नाटकात खुनी आधीच फुटला तर त्या कलाकाराला बोलावणार कोण? एका हंगामात बाईंची नाटकं गेली. नंतर शाळेत खिचडी शिजवायच्या, असं कळलं. आणि त्यांची कामं मला यायला लागली. मालकीण मी, वकिलीण मी, पोलीसबाई मी. वीस-बावीस वर्षं या दोन जिल्ह्यांत माझ्याशिवाय खुनी सापडला नाही.

आता तुमच्यातलं कोणीतरी मऊ मनाचं म्हणेल — पोरगी लहान होती, गरिबाची होती, वस्तीतली होती, तिला सरळ कोणी काम दिलंच नसतं. ठेवा ते तुमच्याजवळ. हो, दिलं नसतं. ते खरं आहे आणि त्याबद्दल मी गणपतभाऊंना तोंडावर सुनावलं आहे, त्यांनी मान्य केलं आहे. पण तो हिशोब माझा आणि गावाचा. बाईंचा त्यात काय गुन्हा? वस्तीत येऊन जेवणारी सगळ्या कंपनीत ती एकटी. मी तिलाच गाठलं. कारण तिच्याच कानात माझा आवाज जात होता. माझं वय मला माहीत होतं, खोटं कशाला म्हणतात तेही माहीत होतं. कोणी शिकवून पाठवलेली नव्हते मी.

आणि पोरांनो, स्मरणिकेत छापायचं तर हे छापा. नको असेल तर कोरं पान सोडा. ती मोलकरणीची गोष्ट मात्र पुन्हा माझ्या नावावर लिहू नका.

एक राहिलं.

बल्लारपूरला कागद कारखान्याच्या मैदानावर प्रयोग होता. मी तेव्हा पोस्टरवर सगळ्यात मोठी. दोन अंक झाले, मी कनातीत आरशापुढे बसून काजळ नीट करत होते, आणि आरशात मंजुळाबाई दिसल्या. केस पांढरे झालेले, सुती लुगडं, अंगावर शाल. पहिल्या रांगेत बसल्या होत्या, कारखान्यातल्या कोण्या ओळखीच्यानं पास दिला होता. मी उठले. पाया पडले. त्यांनी पडू दिलं.

"बरी करून राह्यली काम," म्हणाल्या.

"तुमीच शिकवलं, बाई."

"तुया प्रॉम्टर नवा हाय का?"

"हो बाई."

"चांगला हाय. हळू बोलते. बाजूच्याले विचारलं, त्याले काई ऐकू नाई आलं." शाल सारखी करत होत्या. "मले आलं, पोरी. खुर्चीवरून. शब्दन् शब्द आला."

मी काजळाची डबी धरून उभी. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. रागानं नाही — राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं. त्या वाट पाहत होत्या. वाक्याची वाट पाहावी तशी. आणि ते वाक्य मला येत होतं. लहानसं होतं.

तिसरी घंटा झाली. "जा," त्या म्हणाल्या, "पब्लिक थांबून हाय."

मी गेले. त्या रात्री मी उत्तम काम केलं. खोटं काऊन बोलू? शेवटच्या प्रवेशात वळले, बोट उगारलं, खुन्याचं नाव घेतलं, आणि कारखान्याचं ते सगळं मैदान उठून उभं राहिलं. बाई बसून होत्या का उठल्या, टाळी वाजवली का नाही, मला सांगता येणार नाही. पहिली रांग अगदी पायाशी होती. मी वर भोंग्याकडे पाहून नमस्कार केला.